तीन पाती, एक शिसवी फळी

मित्रांनो, मी एक जुना थिकनेस रंधा आहे आणि मला एका फळीची लाज वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्यासारखी म्हातारी यंत्रं बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटतं, आता बढाया सुरू होणार. बढायाही येतील थोड्या, माझा स्वभावच तसा आहे. पण त्या बढायांमुळेच ही लाज माझ्या वाट्याला आली, म्हणून त्या ऐकून घ्या.

सुताराच्या हातातला छोटा रंधा तुम्ही पाहिला असेल. मी त्याचा थोरला भाऊ. माझं अंग बिडाचं, मला हलवायचं तर आठ माणसं लागतात. खडबडीत फळी एका बाजूनं माझ्या तोंडात द्यायची. माझे रूळ तिला आत ओढतात, वर गरगर फिरणारा दांडा तिची पाठ तासतो, आणि पलीकडून ती सगळीकडे सारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन बाहेर पडते. त्या दांड्यात तीन लांब पोलादी पाती बसवलेली असतात. फळी तासतात ती पाती. बाकी मी म्हणजे नुसतं वजन आणि आवाज. हे मला कळायला वीस वर्षं लागली.

मी पंजाबातल्या एका ओतशाळेत जन्मलो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस अॅक्शनला वीस वर्षं होत आली होती, तेव्हा मी इकडे आलो. मनमाडला मला मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत चढवलं. त्या वेळी हमालांनी मला घातलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत, पण तुमच्यासमोर सांगण्यासारख्या नाहीत. स्टेशनातून बैलगाडीनं मी गावातल्या छावणी भागात आलो. तेव्हा या गावाला औरंगाबाद म्हणत. बाजाराच्या मागे एक पत्र्याची शेड होती आणि तिचे मालक दोघं होते, मजीद मिस्त्री आणि रामकिसन सुतार.

या दोघांची जोडी कशी जमली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पोलिस अॅक्शनच्या त्या वाईट दिवसांत मजीदभाईंचं घर गाव सोडून गेलं होतं. त्यांच्या वडिलांची हत्यारं, करवती, पटाशा, रंधे, सगळी रामकिसनच्या वडिलांनी कडब्याच्या गंजीखाली लपवून ठेवली. सगळं शांत झाल्यावर मजीदभाईंचे वडील परत आले, तेव्हा प्रत्येक हत्यार तेल लावून त्यांच्या ओट्यावर मांडलेलं होतं. तेव्हापासून या दोन घरांत एक अलिखित नियम झाला. एकमेकांना टोचेल असा शब्द कुणी काढायचा नाही. फार चांगला नियम, नाही का? मलाही तसंच वाटायचं.

मजीदभाई थोरले, रामकिसन दहा वर्षांनी लहान. लाकूड निवडणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं रामकिसनकडे. माझी पाती मजीदभाईंकडे.

आमच्या भागात सुतार अमावास्येला लाकडाला हत्यार लावत नाहीत. रामकिसन हे कटाक्षानं पाळायचा, आणि मजीदभाईंनी तो दिवस धारेसाठी धरला होता.

"मजीदभाई, आज अमावास्या हाय. लाकडाला हत्यार लागायचं नाय," रामकिसन दर महिन्याला न चुकता सांगायचा.

"हौ, मालूम है. आज हत्याराला दगड लागंल," मजीदभाईही दर महिन्याला तेच उत्तर द्यायचे.

मग ते माझी तिन्ही पाती सोडवत. पाण्याच्या दगडावर प्रत्येक पातं सारखंच घासत. एका पात्याला दहा हात जास्त बसले तर उरलेल्या दोघांनाही दहा हात. मग जुन्या तराजूत एकाशी एक तोलून बघत, कारण एक जड आणि एक हलकं झालं की मी थरथरतो आणि फळीवर लाटा उठतात. शेवटी दोन परीक्षा असत. पहिली उजेडाची. पातं दारातल्या उन्हात धरून त्याची कड डोळ्यांसमोर आणायची. बोथट कडेवर उजेडाची बारीक पांढरी रेघ दिसते. धार लागलेल्या कडेवर काहीच दिसत नाही. काहीच दिसलं नाही की मजीदभाई खूश. दुसरी परीक्षा हाताची. डाव्या हाताची बाही वर सारून ते पातं मनगटापासून कोपराकडे हलकेच फिरवत. केस साफ निघाले तर पातं पास.

त्यामुळे मजीदभाईंचा डावा हात कायम गुळगुळीत असायचा. त्यांची बायको जैतुनबी डबा घेऊन आली की चिडवायची, "एक हात जवान, एक हात बुढ्ढा. लोकांना वाटंल, दोन माणसं जोडून बनवलेत."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी काय चालायचो म्हणून सांगू! पातळ, लांब, कुरळ्या ढलप्या माझ्या मागे पडायच्या. आप्पासाहेब नावाचे एक बागायतदार दाराच्या फळ्या न्यायला आले, त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय रंधा हाय राव! फळी हाय का रेशीम?" मी फुगलो. 'काय रंधा हाय' असं ते म्हणाले होते. पात्यांचं नाव नाही, दगडाचं नाही, त्या डाव्या हाताचंही नाही. आणि मी मनातल्या मनातसुद्धा त्यांची चूक दुरुस्त केली नाही. माझ्या लाजेची सुरुवात तिथून झाली.

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मजीदभाईंना मुलगी झाली, हसीना. त्याच पावसाळ्यात छावणीतलं एक जुनं शिसवाचं झाड वादळात पडलं. मजीदभाईंनी त्याची एक रुंद फळी चिरून घेतली, तिच्यावर कोळशानं मुलीचं नाव लिहिलं आणि आमच्या शेडच्या आढ्यावर आडवी टाकली. "हसीनाच्या लग्नात पलंगाच्या उशाला," एवढंच म्हणाले. दर वर्षी एकदा ते शिडी लावून वर चढत आणि फळी पालथी करून ठेवत, म्हणजे ती वाकडी होऊ नये. एकोणीस वर्षं ती तशी वाळत होती. मी रोज तिच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, ये गं कधीतरी खाली. तुला अशी करून देईन की लोक आरशासारखं तोंड बघतील.

एकोणिसाव्या वर्षी मजीदभाईंचे डोळे अधू झाले.

आधी ते चहाची बशी चाचपडू लागले. मग रामकिसननं दाखवलेली पेन्सिलीची खूण त्यांना दिसेना, पण ते 'हां हां, बराबर' म्हणून मोकळे होत. एका अमावास्येला पातं हातावर फिरवताना दोनदा कातडी कापली. त्यांनी हाताची परीक्षा सोडून दिली. उजेडाची तेवढी ठेवली.

आता मित्रांनो, नीट ऐका. ती परीक्षा कशी होती? काहीच दिसलं नाही की पातं धारदार. आणि मजीदभाईंना तर आता काहीच दिसत नव्हतं. दारात उभं राहून ते पातं उन्हात धरायचे, धुक्यातून बघावं तसे बघायचे, पांढरी रेघ शोधायचे, आणि ती न दिसल्यावर समाधानानं मान डोलवायचे. बोथट पातंही पास, दाते पडलेलं पातंही पास. एका पात्याला तर खिळ्यावर बसून चांगली खाच पडली होती. तेही पास झालं.

मी चालू लागलो की आता ढलप्यांऐवजी भुसा पडायचा. पूर्वी माझा आवाज भरदार होता, आता मी किंचाळायचो. फळीचे रेशे कापले जायचे नाहीत, उपटले जायचे. बोथट पात्यानं ओढताना मला धाप लागायची. मी थांबू शकलो असतो. माझा पट्टा घसरला असता, मी जागच्या जागी अडून बसलो असतो, तर कुणीतरी पाती काढून बघितलीच असती. पण मला कुणी म्हातारा म्हणू नये, एवढीच माझी काळजी. जिथं धार पुरेना तिथं मी जोर लावला.

रामकिसनला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. सुताराचा मुलगा तो, त्याला आवाजावरूनच कळलं. शिवाय मजीदभाईंच्या डाव्या हातावर केस उगवले होते, ते त्याला रोज समोर दिसत होते. पण सांगणार कसं? चिकलठाण्याला यंत्रावर धार लावून मिळायची. पाती तिकडे पाठवायची म्हणजे मजीदभाईंच्या तोंडावर सांगायचं की तुमचा हात गेला. त्या दोन घरांच्या नियमात हे बसत नव्हतं. मग रामकिसन माझ्या टेबलावर मेण घासू लागला, म्हणजे फळी निदान सरकावी. मजीदभाई नमाजाला गेले की तो पटकन हातरंधा काढून फळ्यांवरून फिरवायचा आणि ढलप्या पायानं कोपऱ्यात लोटायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर दोष लाकडाचा.

एकदा मुकुंदवाडीच्या बालवाडीच्या द्वारकाबाई आल्या. त्यांनी लेकरांसाठी बाभळीचे बुटके बाक करून नेले होते.

"रामकिसनभाऊ, लेकरांच्या मांडीला कुसळं टोचायलीत. काल एक पोरगी लई रडली."

"लाकूड ओलं व्हतं बाई," रामकिसन खाली बघत म्हणाला. "बाभळीचं रेशंच तसलं."

मजीदभाई बाजूलाच होते. तेही म्हणाले, "हौ बाई, बाभूळ लई जिद्दी. मशीन काय करंल?"

ते मनापासून बोलत होते. रामकिसन मात्र खोटं बोलत होता, आणि मीही गप्प उभा राहून त्या खोट्यात सामील होतो. ती बाभूळ चांगली दोन वर्षं वाळलेली होती. रामकिसननं बाक परत आणवले आणि दोन दिवस पॉलिशपेपरनं घासून दिले. त्या रडणाऱ्या पोरीची आठवण आली की मला आजही कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं, पण माझ्याएवढं अंग लपवणार कुठं?

मग हसीनाचं लग्न ठरलं.

त्या दिवशी सकाळी मजीदभाईंनी आढ्यावरून फळी उतरवायला लावली. हसीना आणि जैतुनबी मुद्दाम बघायला आल्या होत्या. शिसवाचा रंग वरून कळत नाही. पहिला हात फिरला की आतला चॉकलेटी-जांभळा रंग उघडतो, आणि तो पहिल्यांदा मुलीनं बघावा, अशी मजीदभाईंची हौस. कोळशाचं नाव पुसट झालं होतं. हसीनानं ते बोटानं गिरवलं आणि लाजून हसली.

रामकिसनचा चेहरा मात्र उतरला होता. तो म्हणाला, "मजीदभाई, आज ऱ्हाऊ द्या. दोन दिसांनी काढू."

"का?"

मला दिसत होतं, खरं बोलणं त्याच्या ओठांवर आलं होतं. दोनच शब्द होते, पाती बोथट. ते त्यानं गिळले आणि म्हणाला, "पट्टा ढिला वाटायलाय."

मजीदभाईंनी हातानं पट्टा दाबून बघितला. "चांगला घट्ट हाय की. आणि पाती मी परवाच लावलीत. उजेडात बघितली, एकदम साफ. चल, लाव."

रामकिसननं मला चालू केलं.

पहिला हात कसाबसा निघाला. खरखरीत होता, पण रंग उघडला आणि हसीना "अब्बा!" म्हणून ओरडलीच. तो रंग बघून मलाही चेव आला. दुसऱ्या खेपेला मजीदभाईंनी पात्यांचा दाब थोडा वाढवला. फळीच्या मध्यावर एक गाठ होती आणि तिच्याभोवती रेशे उलटे वळले होते. धारदार पात्यानं ते अलगद कापले असते. माझी पाती तिथं अडली. फळी थांबली. मी तेव्हा थांबायला हवं होतं, मित्रांनो. पण समोर हसीना उभी होती, आणि एकोणीस वर्षं मी या फळीला वचन देत आलो होतो. मी सगळा जोर लावून तिला ओढलं.

मोठा आवाज झाला. फळीचे तुकडे उडाले. रामकिसननं धावत जाऊन बटण बंद केलं.

फळी बाहेर काढली तर मध्यावर तळहाताएवढे चार खड्डे पडले होते. लाकूड मुळापासून उपटून निघालं होतं. जैतुनबीनं तोंडाला पदर लावला.

मग मजीदभाईच म्हणाले, "लकडीच दगाबाज निघाली." त्यांचा आवाज फाटला होता. "एकोणीस साल सांभाळली. आतून सडकी असंल."

आणि रामकिसन म्हणाला, "व्हय. लाकूडच तसलं."

मला त्या क्षणी पुन्हा वितळून त्या ओतशाळेत जावंसं वाटलं. सगळ्या गोष्टीत एकटी निर्दोष ती फळी होती, आणि तिच्याच नावानं दोघं बोटं मोडत होते.

मजीदभाईंनी बाह्या वर सारल्या आणि फळीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या डाव्या हातावर लाकडाचा एक तुकडा चिकटला होता. वडिलांची समजूत काढावी म्हणून हसीना जवळ गेली, तिनं तो तुकडा काढला, आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "अब्बा, तुमच्या या हातावर केस आले की!"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. जैतुनबीनं मान फिरवली. म्हणजे तिनंही पाहिलं होतं.

मजीदभाईंनी उजव्या तळव्यानं डावा हात उलटा कुरवाळला. एकदा, दोनदा. मग त्यांनी फळीतल्या खड्ड्यांवरून बोटं फिरवली. बोटांना अजून सगळं दिसत होतं. खड्ड्यांच्या आजूबाजूला फळीभर एक बारीक उंचवट्याची रेघ गेली होती, खाच पडलेल्या पात्याची. ते सरळ माझ्यापाशी आले, झाकण उचललं, आणि तिन्ही पात्यांच्या कडांवर अंगठा आडवा लावून बघितला. धारदार पात्यावर कुणी असा अंगठा दाबून बघत नाही. त्यांनी दाबला, आणि अंगठ्याला काहीच झालं नाही.

"रामकिसन," ते म्हणाले, "तुला कधीपासनं ठाऊक?"

रामकिसन भिंतीकडे बघत होता. "दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं! आन तू बोल्ला नाही?"

"कसं बोलू मजीदभाई? पाती तुमची. तुमच्या हाताला नाव ठिवायचं माज्या तोंडून व्हईना."

"पाती कुणाचीबी असू दे," मजीदभाई अगदी हळू म्हणाले. "फळी माझी होती ना रे?"

रामकिसन खाली भुशात बसला आणि रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, मुलीसमोर, भाभीसमोर, हमसून हमसून रडला. मजीदभाईही त्याच्या शेजारी टेकले. "माझंबी चुकलं," ते म्हणाले. "दिसत नव्हतं, हे मला मालूम होतं. बोलायची शरम वाटली. तू माझी शरम झाकली, मी माझी झाकली, आन मधी पोरीची फळी गेली." मी बाजूला उभा होतो, तोंडात भुसा घेऊन. माझीही शरम त्यात होती, पण ती कुणी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी रामकिसननं माझी पाती सोडवून गोणपाटात गुंडाळली आणि चिकलठाण्याला नेली. तिथल्या माणसानं खाचेचं पातं बघून मान हलवली, ते आता घासून भागणार नव्हतं. रामकिसन म्हणाला, मग तिन्ही नवीन द्या, एकटं नवं पातं बाकीच्या दोघांशी नांदत नाही. हे वाक्य मजीदभाईंचं होतं. त्याच आठवड्यात तो मजीदभाईंना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पुढच्या अमावास्येला मजीदभाई जाड भिंगाचा चष्मा लावून शेडमध्ये आले. नव्या पात्यांना त्यांनी दगडावर शेवटचा हात दिला. दारात जाऊन उन्हात बघितलं. मग बाही वर सारून पातं हातावर फिरवलं, केस साफ निघाले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी तेच पातं रामकिसनपुढे धरलं.

"आता तुझा हात."

"माजा कशाला? तुमी बघितलं की."

"माझ्यावर भरोसा ठिवायचा नाही. तू बघ. आन धार नसंल तर माझ्या तोंडावर सांग. झाकलं तर याद राख."

रामकिसननं डावी बाही वर सारली. त्या दिवसापासून छावणीत दोन माणसांचा डावा हात गुळगुळीत असायचा. जैतुनबी म्हणायची, आता चार माणसं झाली.

शिसवाची फळी मी पुन्हा तासली. खड्डे निघेपर्यंत तासायची तर ती निम्म्याहून पातळ झाली, पलंगाच्या उशाला पुरेना. पलंग सागवानी केला, आणि या फळीचं हसीनाच्या संदुकीचं झाकण झालं. एक खड्डा तरीही राहिला, सगळ्यात खोल होता तो. अजून तासलं असतं तर झाकण कागद झालं असतं. तो आतल्या बाजूला घेतला.

आता ते दोघंही नाहीत. गावाचं नाव बदललं, छत्रपती संभाजीनगर झालं. शेडही मुकुंदवाडीला गेली, आणि मी तिथं एका कोपऱ्यात पोत्याखाली उभा आहे. माझी पाती गंजलीत. गेल्या वर्षी हसीना आपल्या नातीला घेऊन आली होती. तिचेही केस पिकलेत. नातीला म्हणाली, "संदुकीच्या झाकणात आतून खड्डा आहे ना, ज्यात तू बोट घालून बसतेस? तो यानं पाडला." पोरगी माझ्याकडे बघून हसली. मी पोत्याखाली आणखी आत सरकलो असतो, पण मला सरकता कुठं येतं?

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरी कात्री असेल, विळी असेल, सुताराचा रंधा असेल, त्याला धार लावा, तेल लावा, आणि त्याची धार गेली की जोर लावू नका, थांबा. तुमच्या एखाद्या लाडक्या माणसाच्या हातावर केस उगवलेले दिसले, तर मान फिरवू नका. जवळ बसून सांगा. वाईट वाटेल त्याला, वाटू द्या. आणि कधी ढलप्यांऐवजी भुसा पडायला लागला, तर लाकडाला नाव ठेवू नका. ते बिचारं एकोणीस वर्षं वाट बघून आमच्या भरवशावर खाली उतरलेलं असतं.